कंपनीने स्वतःहून बाहेर पडायचं पॅकेज देऊ केलंय. घ्यावं का? (पुणे, वय ४६)

खराडी_लोकल

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे ट्रेकचे धागे वाचतो आणि गप्प बसतो, आज मात्र लिहायची वेळ आली आहे.

खराडीतल्या एका परदेशी कंपनीच्या सेंटरमध्ये १४ वर्षं झाली. डिलिव्हरी मॅनेजर आहे, म्हणजे हाताखाली माणसं आणि हातात एक्सेल. गेल्या सोमवारी टाउनहॉल झाला. तिकडचे मोठे साहेब व्हिडिओवर आले, 'कठीण निर्णय' वगैरे बोलून गेले आणि संध्याकाळी ईमेल आला. आमच्या दोन विभागांतल्या ठरावीक बँडच्या (पगारश्रेणीच्या) लोकांना स्वेच्छेने बाहेर पडायची ऑफर आहे. फेब्रुवारी संपायच्या आत हो-नाही कळवायचं, शेवटचा दिवस ३१ मार्च. पुरेसे लोक पुढे आले नाहीत तर 'पुढील टप्पा' येणार, आणि त्या टप्प्यात हेच पॅकेज मिळेल याची हमी नाही.

पत्रात एकूण आकडा ४२ लाख ८ हजार लिहिलाय. वाचून दोन मिनिटं बरं वाटलं हे खरं.

घरची परिस्थिती: बावधनला फ्लॅट, कर्ज अजून ३४ लाख बाकी, हप्ता ५८ हजार. बायको ज्युनियर कॉलेजात शिकवते, ४५ हजार मिळतात. मुलगी यंदा बारावीला, मुलगा सातवीत. आईबाबा आमच्याकडेच असतात. बाबा ७६ वर्षांचे, दोन स्टेंट बसवलेत, आणि त्यांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतच आहे.

ऑफिसात यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही, कँटीनमध्ये सगळे एकमेकांचा अंदाज घेत बसतात. म्हणून इथे विचारतोय.

आकडेबाज

४२ लाख कसले कसले मिळून झाले? फोड टाका, मग बोलू. एचआरच्या पत्रातली खालची ओळ नेहमी सगळ्यात जाड अक्षरात असते.

खराडी_लोकल

मासिक ग्रॉस २ लाख ६० हजार, बेसिक १ लाख.
दर पूर्ण वर्षामागे तीन आठवड्यांचा पगार, म्हणजे ४२ आठवडे: २५ लाख २० हजार.
तीन महिन्यांची नोटीस रोख: ७ लाख ८० हजार.
ग्रॅच्युइटी: ८ लाख ८ हजार.
शिल्लक रजा: १ लाख.

आकडेबाज

बघा, इथेच गंमत आहे. ग्रॅच्युइटी तुमची आहे. पाच वर्षं झाली त्या दिवसापासून ती तुमचीच आहे, उद्या तुम्ही साधा राजीनामा दिलात तरी मिळते. १ लाख गुणिले १५ भागिले २६ गुणिले १४, तोच आकडा येतो. कंपनीने त्यात चार आणेसुद्धा घातलेले नाहीत. रजेचे पैसेही तुमचेच. नोटिशीचे पैसे तुम्हाला काढून टाकलं तरी करारानुसार द्यावेच लागतात. म्हणजे ही सही करण्याबद्दल कंपनी जे देतेय ते फक्त २५ लाख २० हजार, तेही करापूर्वी. निर्णय या आकड्यावर करा, ४२ वर नाही.

जाता जाता एक. नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि त्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा असतो. तुमचा बेसिक ग्रॉसच्या ४० टक्क्यांच्या आत आहे. तेव्हा ग्रॅच्युइटी कुठल्या वेतनावर काढली ते लेखी विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

कडक_स्पेशल

२५ लाखांत बावधनला मिसळीचं हॉटेल. आम्ही येऊ खायला.

आकडेबाज

तुम्ही याल, एक मिसळ मागवाल, चार वेळा रस्सा घ्याल आणि इथे येऊन परीक्षण लिहाल. नको.

निवृत्त_रोखपाल

मी राष्ट्रीयीकृत बँकेतला. २०००-०१ साली सरकारी बँकांमध्ये व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, लाट आली तेव्हा आमच्या शाखेत रोज हीच चर्चा चाले. १५ वर्षं नोकरी किंवा वय ४० ही अट, झालेल्या प्रत्येक वर्षाला ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं जे कमी ते. देशभरात लाखभर लोक बाहेर पडले. मी थांबलो, शेजारच्या काउंटरवरचा मित्र गेला.

त्याचं गणित कागदावर चोख होतं. तेव्हा मुदत ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. पैसे ठेवायचे, दर महिन्याला व्याज उचलायचं, वर पेन्शन. पण तीन-चार वर्षांत व्याजदर सहाच्या आसपास आले. मुद्दल जागेवर होतं, घरखर्च वाढत होता आणि मासिक व्याज चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलं. ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना आली ती २००४ च्या ऑगस्टमध्ये, ९ टक्के व्याजाने. तोवर तो एका पतपेढीत हिशेब लिहायला जाऊ लागला होता.

सांगायचं इतकंच की रक्कम व्याजावर जगण्यापुरती आहे असं कोणी एक्सेलमध्ये दाखवलं तर त्या तक्त्यात आजचाच दर पुढची वीस वर्षं ओढलेला असतो. आणि आम्हाला पेन्शन होती. बीएसएनएलच्या २०१९ च्या योजनेत ७८ हजारांहून जास्त लोक गेले, ते पन्नाशीच्या पुढचे होते आणि त्यांनाही पेन्शन होती. तुमच्या वयाच्या खासगी नोकरदाराने त्यांचं उदाहरण घेऊ नये. तुमचे पैसे म्हणजे पुढची नोकरी मिळेपर्यंतचा खर्च, एवढंच समजा.

चहाबाज

रोखपाल काका, वाचनखूण साठवली.

निगडी_प्राधिकरण

मी सही करू नका म्हणणाऱ्या गटातला. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलोय, असली पत्रं लहानपणापासून बघतोय. पहिलं पत्र येतं तेव्हा त्यात धमकी असते, दुसऱ्यात थोडे जास्त पैसे असतात. घाई कंपनीला आहे. सगळ्यांनी एकत्र बसून 'नाही' म्हटलं तर आकडा वाढतो.

तळेगाव_रिटर्न

एकत्र बसायला युनियन लागते हो. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने तळेगावचं उत्पादन थांबवलं, तिथे कामगारांची युनियन होती, पॅकेज नाकारलं, प्रकरण कोर्टकचेरीत गेलं आणि लांबत राहिलं. ते लोक उभे राहू शकले कारण कायद्याने ते कामगार होते. डिलिव्हरी मॅनेजरच्या हाताखाली माणसं आहेत, तो अप्रेझल देतो, रजा मंजूर करतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २५एफ चं संरक्षण, म्हणजे वर्षाला १५ दिवसांचा पगार वगैरे, त्याला मिळणं अवघड. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही व्यवस्थापकीय काम करणारा बाहेरच आहे.

निगडी_प्राधिकरण

हुद्द्यावर जाऊ नका. कोर्ट प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं. नावाला मॅनेजर आणि दिवसभर तिकिटं (क्लायंटच्या तक्रारी) सोडवणारे कितीतरी आहेत. आयटीवाल्यांची नाईट्स ही संघटना पुण्यातलीच आहे, कामगार आयुक्तांकडे तक्रारी करते. शिवाजीनगरला जाऊन विचारून यायला काय हरकत आहे?

खराडी_लोकल

माझ्या बाबतीत तळेगाव_रिटर्न यांचं बरोबर आहे. तिकिटं सोडवून जमाना झाला. माझ्या हाताखाली ३० जण आहेत आणि त्यांतल्या काहींच्या यादीवर मलाच मत द्यायला सांगितलंय. त्यावर इथे लिहीत नाही.

एचआरवाली

आयडी नवा काढलाय, कारण उघड आहे. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असते. थोडं सरळ सांगते.

स्वेच्छेची फेरी निघते तेव्हा वरून आकडा ठरलेला असतो, इतक्या जागा किंवा इतका पगारखर्च कमी. नावांची यादीही बऱ्याचदा अर्धवट तयार असते. म्हणून 'घेऊ का नको' या आधी 'मी त्या यादीत आहे का' हे शोधा. कोणी तोंडाने सांगणार नाही, पण खुणा असतात. पुढच्या वर्षीची उद्दिष्टं तुमच्याशी बोलून झाली का? क्लायंटच्या नूतनीकरणाच्या बैठकीला तुम्हाला बोलावतात का? तुमच्या हाताखालच्या कोणाला अचानक थेट वरच्यांना रिपोर्ट करायला लावलंय का? हस्तांतराची कागदपत्रं 'सहज म्हणून' मागितली का? तुमच्या वरच्याच्या वरचा जो आहे त्याच्याकडे पंधरा मिनिटं मागा आणि विचारा, सप्टेंबरच्या ऑर्ग चार्टमध्ये (कोण कुठल्या जागी याच्या तक्त्यात) माझा चौकोन कुठे आहे? तो उत्तर देणार नाही. पण कसा देत नाही ते बघा.

दुसरं. मी पाहिलेल्या फेऱ्यांमध्ये सक्तीच्या टप्प्याचं पॅकेज पहिल्यापेक्षा वाढलेलं मला आठवत नाही. इतर कंपन्यांचं माहीत नाही.

तिसरं. वर्षाला तीन आठवडे हा दर सहसा बदलत नाही, कारण तो सगळ्यांना एक असतो. त्यावर डोकं आपटू नका. हलतात त्या कडेच्या गोष्टी: शेवटची तारीख, मेडिक्लेम किती महिने चालू ठेवायचा, जॉइनिंग बोनस किंवा ट्रेनिंग बाँडची वसुली सोडणं, लॅपटॉप, रिलीव्हिंग लेटरचा मजकूर. हे मागायला लाजू नका. आम्हाला असे शेवटचे छोटे होकार द्यायची मुभा ठेवलेली असते.

टिळकरोड_सीए

शेवटची तारीख हा शब्द निघाला म्हणून लिहितोच, कारण या प्रकरणातला सगळ्यात मोठा पैसा तिथे आहे आणि लोक तो तसाच सोडतात.

आधी स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवरची पाच लाखांची करमाफी. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १०(१०सी), नियम २बीए. नव्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तुमच्या सीएशी बोलताना दोन्ही काढा. माफी नव्या करप्रणालीतही मिळते, पण आयुष्यात एकदाच. तुमची दहा वर्षं आणि चाळिशी दोन्ही झाली आहेत, तिकडून अडचण नाही. अडचण योजनेची आहे. नियमानुसार ती संचालक सोडून सगळ्या कर्मचाऱ्यांना लागू हवी, एकूण मनुष्यबळ कमी व्हायला हवं, रिकामी जागा परत भरायची नाही, आणि गेलेल्या माणसाला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत घ्यायचं नाही. तुम्ही म्हणता दोन विभागांतल्या ठरावीक बँडला ऑफर आहे. मला तरी हे नियमात बसणारं दिसत नाही. एचआरला एका ओळीचा ईमेल टाका, ही योजना नियम २बीए प्रमाणे आहे का. नसेल तर पाच लाख विसरा, २५ लाखांवर पूर्ण कर धरा.

आता तारीख. ३१ मार्चला बाहेर पडलात तर या वर्षीच्या ३१ लाख २० हजार पगारावर हे ३३ लाख, पॅकेज अधिक नोटीस, येऊन बसतात. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की अधिभारही लागतो. नव्या प्रणालीच्या सध्याच्या स्लॅबने या ३३ लाखांपायी जादा कर होतो ११ लाख ८४ हजारांच्या आसपास. तीच रक्कम एप्रिलमध्ये देय झाली आणि पुढच्या आर्थिक वर्षात तुम्हाला दुसरं काही उत्पन्न नसेल, तर तिच्यावर कर साधारण ५ लाख ७० हजार. फरक सहा लाखांचा. दहा दिवसांसाठी.

पुढच्या वर्षी लवकर नोकरी लागली तर हा फायदा आटतो. समजा सप्टेंबरपासून इतकाच पगार सुरू झाला, तर दोन्ही वर्षं मिळून दीड-पावणेदोन लाख वाचतील. तोटा मात्र कुठेच नाही.

एक अट. पत्रातच लिहून घ्या की रक्कम शेवटच्या दिवसानंतर देय होईल आणि तो दिवस एप्रिलमधला आहे. उत्साहाच्या भरात पेरोलने मार्चमध्ये आगाऊ जमा केली तर कर मार्चचाच.

चहाबाज

सहा लाख! आणि आम्ही इथे तीन आठवडे की चार आठवडे यावर भांडत होतो.

एचआरवाली

सीए साहेबांना अनुमोदन. तारीख दहा-बारा दिवस पुढे न्यायला फारसा विरोध होत नाही, कारण होकार आला की खर्चाची तरतूद त्याच तिमाहीत दाखवता येते. 'कर वाचवायचा आहे' असं लिहू नका. हस्तांतराला थोडे दिवस लागतील असं लिहा. ते खरंही असतं.

मधुरा_औंध

माझ्या नवऱ्याने २०२३ मध्ये असंच पॅकेज घेतलं. पैशांचं इथे बरंच झालंय, घरात काय होतं ते सांगते.

पहिले काही आठवडे सुट्टी वाटली. कपाटं आवरली, गाडीचं सर्व्हिसिंग केलं, बँकेची जुनी कामं मार्गी लावली. नंतर तो सकाळी नऊला बॅग घेऊन निघायला लागला. सासऱ्यांना सांगितलंच नव्हतं. संभाजी बागेत बसायचा, दुपारी एका अभ्यासिकेत जायचा. मला कळलं ते सोसायटीतल्या बाईंकडून, 'अहो, तुमचे मिस्टर बागेत दिसले, बरे आहेत ना?' घरी येऊन मी काही बोलले नाही, डबा मात्र दुसऱ्या दिवशी जास्तीचा दिला. शेवटी सासऱ्यांनीच त्याला चहाच्या वेळी विचारलं, पीएफ काढलास का रे? त्यांना केव्हाच कळलं होतं.

नोकरी मिळायला वर्ष निघालं. चाळिशीच्या पुढच्या मॅनेजरला कॉल येतात, दोन फेऱ्या होतात, मग फोन बंद. शेवटी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत लागला, पगार जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. पॅकेज घेतल्याबद्दल आम्हाला पश्चात्ताप नाही, कारण त्याचा अख्खा विभाग पुढे गेलाच. पण घरच्यांना पहिल्या दिवशी सांगा. मुलांनासुद्धा. मुलगी बारावीला आहे म्हणून लपवायचा मोह होईल, तरी सांगा.

सिंहगड_पायथा

दुसरी बाजू. मी नाही म्हटलं आणि टिकलो. कारण एकच, माझं काम थेट क्लायंटला बिल होत होतं आणि त्या क्लायंटचा करार नुकताच तीन वर्षांसाठी झाला होता. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. तुमचा पगार कुठल्या बिलात बसतो ते आधी शोधा. बसत नसेल तर तुम्ही ओव्हरहेड, म्हणजे नुसता खर्च, आहात, आणि मॅनेजर मंडळी बहुधा असतातच.

टिकल्यावर काय झालं तेही ऐका. गेलेल्या लोकांची कामं माझ्याकडे आली, त्या वर्षी पगारवाढ शून्य, आणि पुढच्या जानेवारीत परत टाउनहॉल.

कडक_स्पेशल

बरं, मिसळ नको तर चहाची फ्रँचायझी?

आकडेबाज

कोणीतरी यांना आवरा.

पोटावळे_पर्वती

मी विमा विकतो, त्यामुळे माझ्याकडे संशयाने बघा, चालेल. पण धागाकर्त्यांच्या पहिल्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी आलंय आणि त्यावर कोणीच बोललेलं नाही. बाबा ७६, दोन स्टेंट, कव्हर कंपनीचं.

ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी किंवा कंपनी देईल त्या मुदतीला संपते. ती चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागायचं. तसं केलं की इतकी वर्षं ग्रुपमध्ये घालवल्याचं प्रतीक्षाकाळाचं (जुन्या आजारांचा दावा मिळेपर्यंत थांबायच्या काळाचं) श्रेय मिळतं. एकदा कव्हर तुटलं आणि नवीन प्रस्ताव भरला की आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू, जास्तीत जास्त तीन वर्षं. ७६ व्या वर्षी तीन वर्षं थांबायचं म्हणजे काय ते मी लिहायला नको. हप्ता जड येईल, तयारी ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढाच दिलासा.

त्याबरोबर आईबाबांपैकी ज्यांची सत्तरी झाली आहे त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांचं कव्हर आहे. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. फक्त तुमचं नेहमीचं हॉस्पिटल यादीत आहे का ते आधी बघा, नाहीतर ऐन वेळी रिसेप्शनवर वाद घालत बसाल.

स्वतःचा टर्म इन्शुरन्स कमी असेल तर राजीनामा द्यायच्या आत घ्या. पगाराच्या पावत्या दाखवता येतात तोवरच मोठं कव्हर सुखासुखी मिळतं.

आकडेबाज

पर्वतीकर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

खराडी_लोकल

सगळ्यांचे आभार. दोन दिवस गायब होतो, कारण एचआरवाली यांनी सांगितलेलं करून पाहिलं. वरच्याच्या वरच्याकडे वेळ मागितला. त्याने कॅमेरा बंद ठेवून बोलणं केलं, जे तो कधी करत नाही. चौकोनाचा प्रश्न विचारला तर म्हणाला, 'तू कुठेही गेलास तरी चमकशील.' घरी येऊन बायकोला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, झालं, उत्तर मिळालं.

मग आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. हप्ता, किराणा, शाळा, क्लास, आईबाबांची औषधं, गाडी, सोसायटी असं महिन्याला १ लाख ३५ हजार होतं. तिचे ४५ वजा केले तर ९० हजारांची तूट. एप्रिलचं जमलं तर पॅकेज आणि नोटीस मिळून हातात २७ लाख पडतात, म्हणजे अडीच वर्षं. मुलीची कॉलेज फी यात धरली नाही, ती धरली तर दोन वर्षांच्या आत येतं. ग्रॅच्युइटीला आणि पीएफला हात लावायचा नाही असं बायकोने आधीच सांगून टाकलं.

मला वाटत होतं आधी कर्ज फेडून टाकावं, डोक्यावरचं ओझं उतरेल. ती नको म्हणते.

टिळकरोड_सीए

वहिनींचं ऐका. हातातली रोकड कर्जात घातली की ती परत काढता येत नाही, आणि नोकरी नसताना बँक नवं कर्ज देत नाही. हप्ता चालू ठेवा. नोकरी लागून सहा महिने स्थिर झालात की हवं तेवढं फेडा. पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहील, पुढच्या कंपनीत वर्ग करा. मधल्या काळात खात्यावर जे व्याज जमेल ते करपात्र असतं, विवरणपत्रात दाखवा. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) दहा वर्षं झाली आहेत, ५८ नंतरची पेन्शन कुठे जात नाही.

निगडी_प्राधिकरण

म्हणजे शेवटी सही करणारच. बरं. निदान मजकूर नीट वाचा. 'कोणताही दावा करणार नाही' या परिच्छेदात ग्रॅच्युइटी, पीएफ आणि मेडिक्लेम वगळल्याचं स्पष्ट लिहून घ्या. आणि वर्षभर स्पर्धक कंपनीत जाणार नाही असं कलम असेल तर घाबरून चांगली ऑफर सोडू नका. नोकरी सुटल्यानंतरची तसली बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं, तेव्हा पेन ड्राइव्हवर काही घेऊन बाहेर पडू नका.

एचआरवाली

उलट जे तुमचं आहे ते आत्ताच घेऊन ठेवा. सगळ्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणूकपत्र, बढत्यांची पत्रं, अप्रेझलचे निकाल. शेवटच्या दिवशी दुपारी व्हीपीएन बंद होतं आणि मग एका पावतीसाठी हेल्पडेस्कच्या रांगेत महिने जातात. रिलीव्हिंग लेटरमध्ये फक्त 'कार्यमुक्त' आणि तारखा असू द्या, कारण नको. पार्श्वभूमी तपासणीवाले तेवढंच बघतात.

कंपनीने शेअर्स देऊ केले असतील तर अजून तुमच्या हक्काचे न झालेले गेले असं धरा. हक्काचे झालेले ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) वापरायला किती दिवस देतात ते योजनेच्या कागदात बघा, बऱ्याच ठिकाणी ९० दिवसच असतात.

सिंहगड_पायथा

आणि प्रोफाइलवर 'लगेच रुजू होऊ शकतो' लिहा. पुण्यात सगळ्यांची नोटीस तीन-तीन महिन्यांची. हिंजवडीत निम्मे मॅनेजर जॉइन होणाऱ्याची वाट बघत बसलेले असतात, शेवटच्या आठवड्यात तो दुसरीच ऑफर घेऊन पळतो. तुमच्याकडे नोटीस नाही हीच जमेची बाजू.

मधुरा_औंध

मुलीला सांगितलंत का?

खराडी_लोकल

सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, क्लासची उरलेली फी भरली आहे का. भरली आहे म्हटल्यावर परत पुस्तकात गेली. बाबांनी मात्र दोनदा विचारलं, काढलं का सोडलं? सोडतोय म्हटलं. त्यांना ते पटलेलं नाही.

आज एचआरचं उत्तर आलं. नियम २बीए मध्ये योजना बसत नाही, पाच लाख गेले. ग्रॅच्युइटीच्या वेतनाबद्दल 'तपासून कळवतो'. शेवटचा दिवस १० एप्रिल मान्य, रक्कम त्यानंतर देय होईल असं सुधारित पत्रात येणार. मेडिक्लेम जूनअखेरपर्यंत वाढवून मागितला, मेअखेरपर्यंत दिला. सुधारित पत्र हातात आलं की सही करतोय.

निवृत्त_रोखपाल

शुभेच्छा. बाबांना माझ्याकडे पाठवा, सदाशिव पेठेत राहतो. आम्ही थांबलेले लोक सोडणाऱ्यांना नीट समजावू शकतो.

टिळकरोड_सीए

ग्रॅच्युइटीचं 'तपासून कळवतो' लेखी येईपर्यंत पूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाल्याच्या कागदावर सही नको. पॅकेजच्या पत्रावर करा, त्या कागदावर नको. दोन वेगळे कागद आहेत.

पोटावळे_पर्वती

मेअखेर म्हणजे भरपूर वेळ आहे असं समजू नका. बाबांच्या वयाला विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागेल, स्टेंटची जुनी कागदपत्रं मागेल, डिस्चार्ज कार्ड मागेल. स्थलांतराचा अर्ज मार्चमध्येच टाका. डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात या आठवड्यातच अर्ज करा, तिथेही वेळ लागतो.

खराडी_लोकल

कार्ड आईच्या कपाटात सापडलं, साड्यांच्या खाली. आंजिओग्राफीची सीडी नाही. उद्या जातो.